कापडी स्वोर्डफिशनं बिस्मार्कला कसं गाठलं, आणि तेच विमान नऊ महिन्यांनी सहाच्या सहा का पडलं?

प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे वाचणाऱ्यांना संदर्भ राहील. तुम्ही दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश नौदलाच्या फेअरी स्वोर्डफिश विमानाचं १/४८ मापाचं मॉडेल करताय आणि वाचताना तीन गोष्टींवर अडलात. एक, ‘विमान इतकं हळू होतं की बिस्मार्क या जर्मन युद्धनौकेच्या तोफांना नेमच धरता आला नाही’ हे खरं का? दोन, तीन आसनांच्या या विमानात तिघं नेमकं काय करत, आणि तारांतो या इटालियन बंदरावरच्या हल्ल्याच्या चित्रांत दोघंच का दिसतात? तीन, मग १२ फेब्रुवारी १९४२ ला इंग्लिश खाडीत सहाही स्वोर्डफिश का गेली?

तिन्ही प्रश्न वेगळे दिसतात, पण मुळाशी एकच आहे. आपण विमानाकडे बघतो आणि त्याच्या पोटाखाली लटकलेल्या पाणतीराकडे, म्हणजे टॉर्पेडोकडे, बघायचं विसरतो. हवाई शस्त्रं चढवणं, जुळवणं, तपासणं हे ज्यांचं काम असतं ते उलट्या टोकानं सुरुवात करतात: शस्त्राला काय हवं ते आधी, विमानानं काय करायचं ते मग. स्वोर्डफिश तसंच वाचलं की कोडं बरंचसं सुटतं.

आधी एक कबुली. हल्ला यशस्वी होणार की नाही हे दिवस की रात्र, समुद्र किती खवळलेला, पाणी किती खोल, शत्रूची लढाऊ विमानं वर आहेत का, आणि नौकेला वळायला जागा आहे का, यावर ठरतं. त्यामुळे ‘स्वोर्डफिश चांगलं की वाईट’ याला एका वाक्यात उत्तर नाही. पण यातली कुठली गोष्ट कधी भारी पडली, हे नेमकं सांगता येतं.

आता टॉर्पेडो. स्वोर्डफिशचं नेहमीचं शस्त्र म्हणजे मार्क १२, ज्याला ‘१८ इंची’ म्हणत. व्यास ४५ सेंटिमीटर, लांबी जवळपास ५ मीटर, वजन सुमारे ७०० किलो, आणि त्यात स्फोटक १७६ किलो. वेगाच्या दोन पायऱ्या होत्या: ४० नॉटनं (एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) १,५०० यार्ड किंवा २७ नॉटनं ३,५०० यार्ड. म्हणजे हा बॉम्ब नाहीच, ही एक छोटी मानवरहित पाणबुडी आहे. आत दाबलेल्या हवेवर आणि केरोसिनवर चालणारं इंजिन, दिशा धरायला जायरो, खोली धरायला पाण्याचा दाब ओळखणारी झडप आणि तिच्या जोडीला लंबक. इतकी नाजूक यंत्रणा तुम्ही उडत्या विमानातून समुद्रावर आपटताय, हे आधी डोळ्यांसमोर आणा.

टॉर्पेडो टाकायची नेहमीची उंची साधारण ६० फूट, म्हणजे १८ मीटर, आणि वेग ९० नॉटच्या आसपास. थोडं गणित करू. १८ मीटर पडायला १.९ सेकंद लागतात. पाण्याशी पोचताना खाली जाण्याचा वेग सेकंदाला १९ मीटर होतो, आणि पुढचा वेग विमानाचाच, सेकंदाला ४६ मीटर. हवेचा अडथळा सोडला तर टॉर्पेडो पाण्यात साधारण २२ अंशांनी शिरतो. हा कोन त्याला मानवतो. उंची ६० मीटर केली तर कोन ३६ अंशांच्या पुढे जातो, आणि तो सूर मारून इतका खोल जातो की उथळ बंदरात सरळ चिखलात रुततो. उलट फारच खालून सोडला, तर पोटावर आपटून उसळतो, नाहीतर त्याचे पंखे आणि सुकाणूच्या पट्ट्या वाकतात. वेग वाढवला तर आपटण्याचा मार वाढतो, जायरो भरकटतो, इंजिन सुरूच होत नाही. वैमानिकानं एक पंख जरा जरी झुकलेला ठेवून सोडला, तरी टॉर्पेडो कलून पडतो आणि पाण्यात शिरल्याबरोबर भलतीकडे वळतो.

म्हणून शेवटचे काही सेकंद विमान सरळ, सपाट, ठरल्या उंचीवर आणि ठरल्या वेगानं उडायलाच हवं. यात वैमानिकाचं शौर्य, विमानाचं इंजिन, काहीही सूट मिळवून देत नाही. टॉर्पेडोच ती अट घालतो. स्वोर्डफिशची खरी ताकद इथे आहे: ते ९० नॉटवर सुखानं उडणारं, हाताला अत्यंत स्थिर असं विमान होतं. उंचावरून जवळजवळ उभा सूर मारून पाण्यालगत सरळ होणं त्याला जमत असे, आणि सूर मारतानाही वेग फार चढत नसे, कारण दोन पंख, त्यांमधले दांडे आणि तारा यांचा अडथळाच तेवढा होता. त्यामुळे सूर संपल्यावर वेग उतरायची वाट बघत पाण्यावर तरंगत बसावं लागत नसे.

तुम्ही मॉडेलवर शोधताय ती पोटाखालची तार याच कामाची. टॉर्पेडोच्या नाकाला बांधलेली ती तार विमानाखालच्या एका रिळावर गुंडाळलेली असे. टॉर्पेडो सुटला की तार उलगडत जाई आणि नाकाला मागे ओढ देई, म्हणजे नाक एकदम खाली झुकत नसे आणि तो जरा पसरट शिरे. तारांतोच्या बंदरात पाणी जेमतेम १२ मीटर होतं. तिथे ही तार नसती तर बरेचसे टॉर्पेडो तळाला गेले असते. पुढच्याच वर्षी जपान्यांनी पर्ल हार्बरच्या तितक्याच उथळ पाण्यासाठी आपल्या टॉर्पेडोला लाकडी पंख जोडले. इलाज वेगळा असला तरी दुखणं एकच होतं.

आता नेम. ९०० मीटरवरून ४० नॉटनं सोडलेल्या टॉर्पेडोला नौकेपर्यंत पोचायला ४४ सेकंद लागतात. तेवढ्यात २० नॉटनं जाणारी नौका ४५० मीटर पुढे सरकलेली असते. बिस्मार्क २५१ मीटर लांब होती. म्हणजे नौकेकडे बघून सोडलात तर टॉर्पेडो तिच्या मागून निघून जाणार. तिच्या पुढच्या मोकळ्या पाण्यावर नेम धरायचा, आणि किती पुढे हे तिच्या वेगाच्या अंदाजावर. अंदाज ५ नॉटनं चुकला तर टॉर्पेडो ११३ मीटर सरकतो, म्हणजे मध्यावर धरलेला नेम टोकाशी जाऊन लागतो. १० नॉटनं चुकला तर पूर्ण हुकतो. धूसर हवेत, नौकेच्या नाकाशी उठणारा फेस बघून वैमानिकाला हा वेग ठरवावा लागे.

त्यासाठी साधन अगदी साधं होतं. वैमानिकासमोर वरच्या पंखाच्या मध्यभागाशी दोन्ही बाजूंना एकेक आडवी दांडी, तिच्यावर छोट्या दिव्यांची रांग, आणि दोन दिव्यांमधलं अंतर म्हणजे नौकेच्या वेगाचे ५ नॉट. नौका डावीकडे जात असेल तर उजवीकडच्या दांडीवरचा योग्य दिवा नौकेवर धरायचा, की विमानाचं नाक आपोआप तेवढं पुढे रोखलं जाई. तुमच्या मॉडेलच्या संचात या दांड्या नसतील तर बारीक तारेनं कराच. टॉर्पेडोवाल्या स्वोर्डफिशची ती ओळख आहे.

नौकेचा कप्तानही गप्प बसत नाही. टॉर्पेडो पडताना दिसला की तो त्याच्याकडे नाक करून वळतो, म्हणजे लक्ष्य २५० मीटरांवरून पस्तीसेक मीटर रुंदीचं होतं. म्हणून पद्धत अशी की तीन-तीन विमानांच्या तुकड्या नाकाच्या दोन्ही अंगांनी यायच्या. कप्तान एकीला चुकवायला वळला की दुसरीपुढे आडवा होतो. पण त्यासाठी सगळ्या तुकड्या जवळपास एकाच वेळी पोचायला हव्यात, आणि ढगांतून उतरताना हेच सर्वांत आधी बिघडतं.

नेम बरोबर, शिरकाव बरोबर, तरी टॉर्पेडो वाया जाऊ शकतो, कारण अर्धी लढाई विमान उडण्याआधी डेकवर होते. तिथे तीन गोष्टी ठरवाव्या लागत: धावण्याचा वेग, धावण्याची खोली, आणि पिस्तूल. पिस्तूल म्हणजे नाकातला स्फोट घडवणारा भाग. पाण्यात गेल्यावर एक छोटा पंखा फिरत फिरत तो सज्ज होतो, म्हणून फार जवळून सोडलेला टॉर्पेडो नौकेवर आदळूनही फुटत नाही. तेव्हा दोन प्रकार होते. एक धडकेनं फुटणारा. दुसरा ‘डुप्लेक्स’, जो धडकेनं तर फुटेच, पण नौकेच्या बुडाखालून जाताना तिच्या लोखंडाचं चुंबकत्व ओळखूनही फुटे. बुडाखालचा स्फोट जास्त घातक, कारण तिथे चिलखत नसतं.

तारांतोला, ११ नोव्हेंबर १९४० च्या रात्री, डुप्लेक्स पिस्तूल, वेग २७ नॉट, खोली ३३ फूट अशी मांडणी होती. बंदराला संरक्षक जाळी लागणार होती १२,८०० मीटर, बसवलेली होती फक्त ४,२०० मीटर, आणि तीही नौकांच्या बुडापर्यंतच पोचणारी. त्यामुळे १० मीटर खोलीवर धावणारा टॉर्पेडो जाळीखालूनही जाऊ शकत होता. इलस्ट्रियस या विमानवाहू नौकेवरून २१ विमानं दोन लाटांत गेली. टॉर्पेडो फक्त ११ जणांकडे होते, बाकीच्यांकडे बॉम्ब आणि प्रकाशगोळे. इटालियन युद्धनौकांपैकी लित्तोरियोला ३, कोंते दि काव्हूरला १ आणि दुइलिओला १ टॉर्पेडो लागला, आणि परत न आलेली विमानं २. लित्तोरियोच्या खाली चिखलात एक न फुटलेला टॉर्पेडोही सापडला. म्हणजे इतकी काळजी घेऊनही सगळे चालले नाहीत.

हेच डुप्लेक्स पिस्तूल २६ मे १९४१ ला उत्तर अटलांटिकमध्ये फसलं. आर्क रॉयल या विमानवाहू नौकेवरून दुपारी गेलेल्या तुकडीनं खराब हवेत चुकून स्वतःच्याच शेफील्ड या क्रूझरवर हल्ला केला. त्यांनी टाकलेल्या ११ टॉर्पेडोंपैकी काही पाण्याला लागताच फुटले. खवळलेल्या समुद्रात टॉर्पेडो वरखाली हेलकावतो, आणि चुंबकीय यंत्रणा तेवढ्यानंही चाळवते. चूक भयंकर होती, पण शेफील्ड वाचली आणि एक गोष्ट कळली. संध्याकाळच्या दुसऱ्या फेरीसाठी पिस्तुलं बदलून साधी, धडकेनं फुटणारी बसवली. त्या १५ विमानांनी बिस्मार्कला किमान दोन टॉर्पेडो मारले. एक मध्यभागी लागला. दुसरा मागे लागला आणि तिचं सुकाणू डावीकडे १२ अंशांवर अडकलं. एवढी मोठी नौका त्यानंतर सरळ जाऊ शकली नाही. डेकवर मधल्या काही तासांत पिस्तुलं बदलणाऱ्या शस्त्र-खलाशांचा या यशात वाटा वैमानिकांइतकाच आहे, असं मी ठामपणे म्हणेन.

आता तुमचा पहिला प्रश्न. ‘हळू होतं म्हणून वाचलं’ यात तथ्याचा अंश असेल, पण एकट्या त्यानं भागत नाही. बिस्मार्कवर १०.५ सेंटिमीटरच्या १६ आणि ३.७ सेंटिमीटरच्या १६ विमानविरोधी तोफा होत्या, आणि त्याखेरीज २० मिलिमीटरच्या. यातली ३.७ ची तोफ एकेक गोळा हातानं भरून चालवायची, म्हणजे जवळ आलेल्या विमानावर सलग मारा करणारी नव्हे. त्यात ढग खाली आलेले, समुद्र उसळलेला, विमानं वेगवेगळ्या दिशांनी आणि सुटी सुटी येत होती, आणि नौका टॉर्पेडो चुकवण्यासाठी जोरात वळत असल्यानं तिचं स्वतःचं डेकच तिरपं होत होतं. अशा वेळी कुठल्याही विमानावर नेम धरणं कठीण. कापडी अंगातून गोळ्या आरपार जात, हेही खरं. पण कापड माणसाला, इंजिनाला किंवा इंधनाच्या टाकीला वाचवत नाही.

उलट बाजूनं मोजून बघा. तोफांच्या माऱ्यात ४ किलोमीटरवर शिरायचं आणि ९०० मीटरवर टॉर्पेडो सोडायचा, तर ९० नॉटच्या विमानाला ६७ सेकंद लागतात. त्या काळच्या अमेरिकन मार्क १३ टॉर्पेडोची मर्यादा सुरुवातीला ५० फूट आणि ११० नॉट इतकीच होती. त्या वेगानं हेच अंतर कापायला ५५ सेकंद लागतात. फरक फक्त १२ सेकंदांचा! ४ जून १९४२ ला मिडवेच्या लढाईत याची किंमत कळली. हॉर्नेट या अमेरिकी विमानवाहू नौकेवरच्या तुकडीची १५ च्या १५ डिव्हॅस्टेटर विमानं पडली आणि तीसपैकी जॉर्ज गे हा एकच माणूस वाचला. त्याच दिवशी मिडवे बेटावरून ६ ॲव्हेंजर निघाली होती. कोरं करकरीत विमान, १,७०० अश्वशक्तीचं इंजिन, विजेवर फिरणारा तोफ-घुमट. सहापैकी एक परतलं. आधुनिक विमान आलं, पण टॉर्पेडो जुनाच होता आणि वर रक्षणाला लढाऊ विमानं नव्हती. पुढे त्या टॉर्पेडोच्या नाकावर प्लायवुडचं कडं आणि शेपटीवर गोल पट्टी बसवली, तेव्हा तो बराच उंचावरून आणि भरधाव वेगात टाकता येऊ लागला, आणि मग त्याच ॲव्हेंजरनं मुसाशी आणि यामातो या जपानी युद्धनौकांना गाठलं.

तर इथवर दोन गोष्टी पक्क्या झाल्या: शेवटच्या मिनिटात विमान कसं उडायचं ते टॉर्पेडो ठरवतो, आणि त्या मिनिटात विमान असहाय असतं. राहिला प्रश्न तिघांचा.

पुढे वैमानिक, मध्ये निरीक्षक, मागे टेलिग्राफिस्ट एअर गनर, ज्याला सगळे ‘टॅग’ म्हणत. तिन्ही जागा उघड्या, डोक्यावर छत नाही. आपसांत बोलायला रबरी नळी, जिला गॉस्पोर्ट ट्यूब म्हणत. एकानं नळीत बोलायचं, दुसऱ्याच्या शिरस्त्राणाच्या कानांत ते ऐकू जायचं. वाऱ्याच्या आवाजात निम्मं कळायचं.

निरीक्षक हा शब्द ऐकून वाटतं, हा माणूस फक्त बघत बसत असेल. प्रत्यक्षात हे विमान समुद्रावरून परत येणं त्याच्यावर अवलंबून असे. मांडीवर नकाशाची फळी, हातात पेन्सिल, बोटं गारठलेली. दिशा, वेग आणि वेळ यांवरून आपण कुठे आहोत हे सतत मांडत राहायचं. सगळ्यांत मोठी अडचण वाऱ्याची. वारा विमानाला बाजूला ढकलतो आणि पाण्यावर खुणेचा दगड नसतो. म्हणून धूर सोडणारा तरंगता डबा टाकायचा आणि तो कसा मागे सरकतो हे मोजून वाऱ्याची दिशा-ताकद काढायची. १ अंशाची चूक ६० मैलांवर १ मैल होते, हे सूत्र पाठच असे. आणि जिथून उडालो ती नौका दोन तासांत ४० सागरी मैल सरकलेली असते, तीही बिनतारी संदेश बंद ठेवून. परत येताना नौकेवरच्या दिशादर्शक संदेशाचा आधार असे. पण २४ मे १९४१ च्या रात्री व्हिक्टोरियस या विमानवाहू नौकेचं ते यंत्रच बंद पडलं. बिस्मार्कवर हल्ला करून परतणाऱ्या तुकडीप्रमुख यूजीन एस्मंड यांच्या विमानांना वाट दाखवायला कप्तानानं पाणबुड्यांचा धोका पत्करून दिवे दाखवले.

हल्ल्याच्या क्षणीही निरीक्षक मोकळा नसे. २६ मे ला वैमानिक जॉन मोफॅट यांच्या विमानातले निरीक्षक, ज्यांना ‘डस्टी’ मिलर म्हणत, कॉकपिटच्या काठावरून खाली लोंबकळून लाटा बघत होते, असं मोफॅट यांनी पुढे सांगितलं. कारण वर सांगितलेलं १८ मीटरचं गणित सपाट पाण्याचं आहे. उंच लाटांत टॉर्पेडो लाटेच्या माथ्यावर आपटला तर उसळतो, आणि दोन लाटांमधल्या खळग्यात पडला तर समोरच्या पाण्याच्या भिंतीत घुसतो. वैमानिकाचे डोळे नौकेवर आणि दिव्यांच्या दांडीवर. खाली कोणती लाट येतेय ते त्याला दिसत नाही. म्हणून मिलर ‘अजून नाही, अजून नाही’ असं सांगत राहिले, आणि लाट हवी तशी आल्यावरच टॉर्पेडो सुटला.

टॅग बहुधा अधिकारी नसे. खलाशी दर्जाचा, तारयंत्राचं शिक्षण घेतलेला. बिनतारी संचाची जोडणी, मोर्समध्ये संदेश घेणं-देणं हे त्याचं पहिलं काम, आणि मागून लढाऊ विमान आलं की उभं राहून व्हिकर्स के मशीनगन चालवणं हे दुसरं. ०.३०३ इंची गोळीची एकुलती एक बंदूक, वर गोल ताटलीसारखं मॅगझीन, आणि विमान वळतंय तेव्हा बाहेर फेकला जाऊ नये म्हणून कमरेला बांधलेला पट्टा. समोर चिलखत बसवलेलं आणि २० मिलिमीटरच्या तोफा घेतलेलं जर्मन फोक-वुल्फ असेल, तर ही बंदूक त्याला हुसकावू शकत नव्हती. तरी त्याच्या नजरेमुळे वैमानिकाला ‘आता डावीकडे वळा’ हे कळत असे, आणि त्या दोन सेकंदांवर तिघांचा जीव टिके.

तारांतोला दोघंच का, याचं उत्तर इंधनात आहे. नौकेपासून बंदर सुमारे १७० मैल, आणि परत यायचंच. टॉर्पेडोमुळे पोटाखाली जागा नाही, म्हणून ६० गॅलनची जादा टाकी मधल्या कॉकपिटमध्ये बसवली. निरीक्षक मागे टॅगच्या जागी गेला, आणि टॅगना नौकेवरच ठेवावं लागलं. रात्री लढाऊ विमानं भेटणार नाहीत असा हिशेब होता, आणि तो बरोबर निघाला. पण विचार करा: मध्ये इंधनानं भरलेली टाकी, तिच्यामागे बसलेला माणूस, आणि खालून शेकडो विमानविरोधी तोफांचा मारा. बॉम्बवाल्या विमानांची जादा टाकी बाहेर पोटाखाली होती. म्हणजे तुमचं मॉडेल तारांतोच्या टॉर्पेडोवाल्या विमानाचं असेल तर मधल्या जागेत टाकी दाखवा, माणूस नाही.

आता खाडीतला तो दिवस. शार्नहोर्स्ट, ग्नायझेनाउ आणि प्रिंझ ऑयगन या जर्मन नौका ब्रेस्टहून निघून इंग्लिश खाडीतून घरी जाणार, हा अंदाज ब्रिटिशांना होता. पण त्या डोव्हरजवळून रात्री जातील असं धरून एस्मंड यांची सहा विमानं मॅन्स्टनच्या हवाई तळावर रात्रीच्या हल्ल्यासाठी आणून ठेवली होती. नौका आल्या भर दुपारी. रक्षणाला लढाऊ विमानांच्या पाच तुकड्या येणार होत्या, वेळेवर आली फक्त दहा स्पिटफायर. थांबलो तर नौका हातच्या जातील म्हणून एस्मंड निघाले. वर मेसरश्मिट आणि फोक-वुल्फ, खाली विनाशिकांचं कडं, हवा दिवसाची. स्वोर्डफिशला हव्या असलेल्या सगळ्या गोष्टी, म्हणजे अंधार, अचानकपणा, पुरेसं रक्षण, त्या दिवशी नव्हत्या. आणि ते शेवटचं मिनिट मात्र तेवढंच लांब होतं. सहाही विमानं पडली, १८ पैकी १३ जण गेले, एकही टॉर्पेडो लागला नाही. एस्मंड यांच्या विमानाच्या शेपटीचं कापड पेटलं तेव्हा त्यांचा टॅग, क्लिंटन, कॉकपिटमधून बाहेर येऊन विमानाच्या पाठीवर घोड्यावर बसल्यासारखा बसला आणि हातांनी आग विझवत होता. एस्मंड यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. विमान तेच होतं, माणसंही तितकीच निष्णात. ज्यांनी त्यांना दिवसाढवळ्या पुरेशा रक्षणाविना जायची वेळ आणली, ती आखणी चुकली होती, असं माझं स्पष्ट मत आहे.

आपल्या शेजारचं याहून कमी माहीत असलेलं उदाहरण: ५ एप्रिल १९४२, ईस्टरचा रविवार. जपानी विमानं कोलंबोवर हल्ला करत असताना त्रिंकोमालीजवळच्या चायना बे तळावरून सहा स्वोर्डफिश टॉर्पेडो घेऊन रत्मलानाकडे चालली होती. वाटेत झीरो विमानांनी गाठलं आणि सहाही पाडली. त्यांना ते शेवटचं मिनिट गाठायची संधीसुद्धा मिळाली नाही.

यानंतर स्वोर्डफिश संपलं नाही, त्याचं काम बदललं. खालच्या पंखांना धातूचा पत्रा लावून रॉकेटं बसवली, रडार दिलं, आणि छोट्या विमानवाहू नौकांवरून ते पाणबुड्यांच्या मागे लागलं. २३ मे १९४३ ला आर्चर या नौकेवरच्या स्वोर्डफिशनं रॉकेटनं यू-७५२ ही जर्मन पाणबुडी बुडवली. जिथे शत्रूची लढाऊ विमानं पोचत नाहीत आणि आखूड, हलत्या डेकवर हळू उतरावं लागतं, तिथे हेच विमान १९४५ पर्यंत उपयोगी पडलं. सुमारे २,४०० बनली.

मॉडेलसाठी शेवटचं. बिस्मार्क आणि तारांतोच्या हल्ल्यांत गल्लत करू नका: २४ मे ची व्हिक्टोरियसवरची विमानं एएसव्ही, म्हणजे समुद्रावरच्या नौका शोधणाऱ्या, रडारची होती, म्हणून पंखांमधल्या बाहेरच्या दांड्यांवर त्याचे अँटेना हवेत; तारांतोच्या विमानांवर ते नकोत. चाकांचे दोन पाय मधून एका आसानं जोडलेले नाहीत, कारण मधून टॉर्पेडो खाली पडायचा असतो. काही जण मजबुतीसाठी तिथे आडवी काडी चिकटवतात, ती काढा. टॉर्पेडो पोटाला अगदी समांतर आणि दोन्ही बाजूंच्या आधारांमध्ये घट्ट बसलेला दाखवा, तो सैल लटकत नसे. आणि गोव्याला गेलात तर दाबोळीजवळ बोगमाळोच्या नौदल हवाई संग्रहालयात आपल्या नौदलाच्या जुन्या विक्रांतवरून उडणारं अलिझे विमान आहे, ते बघा. तेही तीन माणसांचं आणि पोटात टॉर्पेडो नेणारं, फक्त पाणबुड्यांसाठीचं. एका विमानात तिघांना कसं बसवतात याचा अंदाज तिथे उभं राहून येतो, आणि मग स्वोर्डफिशचं मधलं कॉकपिट रंगवताना नकाशाची फळी कुठे ठेवायची हा प्रश्न उरत नाही.